ना मुंडण, ना जटा

"...मग मी फडकं का नाही बांधायचं? तेवढं सांगा, बाबा!"

रणधीरचा आवाज चढला होता. मठाच्या ओसरीवर एवढ्या मोठ्यानं कुणी बोलत नसे.

हेमगीरबाबा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. डोक्याला नेहमीचं भगवं फडकं, वेढ्यांवर वेढे देऊन कानांपर्यंत आवळलेलं. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"रीत आहे," ते म्हणाले.

आता ही रीत काय, ते ऐका. काळेश्वराच्या या मठात कुणी शिष्य व्हायला आला की आधी त्याचं मुंडण. त्यानंतर डोक्याला ना वस्तरा, ना कात्री. केस वाढून माथ्यावर त्यांची गाठ बसायला लागली की बाबा आपल्या हातानं ती बांधणार आणि कानात मंत्र सांगणार. तोवर शिष्यानं डोकं झाकायचं नाही. आणि मधेच जो उठून गेला, तो गेला. त्याला पुन्हा घेत नाहीत.

मुंडणाचं रणधीरला काहीच वाटलं नव्हतं. उलट तुळतुळीत डोक्यानं चांगला ऐटीत हिंडला. इनामदाराचं पोर, नाकीडोळी नीटस, त्याला गोटाही शोभला. खरी फजिती पुढे सुरू झाली. केस वाढले, पण वाढले कसे! कानांवर सुपं फुटल्यासारखे, मानेवर शेपूट, आणि माथ्यावर नुसतं साळिंदर. भांग पडेना, गाठ बसेना. त्यानं एरंडेल चोपडलं. जवस उकळून त्याचा चिकट लगदा थापला, तर डोक्याला मुंग्या लागल्या. ओला पंचा आवळून झोपला, तर सकाळी सगळं रान एकाच अंगाला आडवं. पाणवठ्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसणार नाहीत तर काय! धड ना संसारी, ना साधू.

आणि उद्या जत्रा होती.

जत्रेत पालखीच्या पुढे निशाण धरायचा मान मठातल्या नव्या शिष्याचा. तोही उघड्या डोक्यानं, भर बाजारातून. रणधीरचे थोरले भाऊ येणार होते. तालमीतले दोस्त येणार होते. एवढंच असतं तर चाललं असतं. पण जिच्याशी ठरलेलं लग्न मोडून तो इथं आला, तिच्या घरची माणसंही दर वर्षी जत्रेला यायची.

"बाबा, मला फडकं बांधू द्या," तो म्हणाला. "नाहीतर पुन्हा मुंडण करा. या अवतारात मी बाजारात जाणार नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी आजच घरी जातो."

बोलून गेला खरा, पण त्याची नजर पायरीकडे गेली. याच ओसरीच्या पायरीवर तो उन्हातान्हात बसून राहिला होता. बाबांनी हाकललं, नाही नाही ते बोलले, तरी हा हलला नव्हता. त्यानं बाबांना पहिल्यांदा पाहिलं ते नदीकाठी. जटा मोकळ्या सोडलेल्या, पार गुडघ्यांपर्यंत. माणूस कसला, पारंब्या फुटलेला वडच उभा आहे, असं त्याला वाटलं होतं. आपल्यालाही असंच व्हायचंय, हे त्यानं तिथंच ठरवलं. आयुष्यात दुसरं काही त्याला इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

बाबांनी एक शेंग फोडली. दाणे त्याच्यापुढे धरले.

"खा."

"मला नकोत."

"बरं." बाबांनी स्वतःच खाल्ले.

रणधीरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमचं काय जातंय बाबा! एवढ्या जटा डोक्यावर घेऊन बसलात, वर फडकं. तुम्हाला कोण हसणार? ज्याचं जळतं त्यालाच कळतं!"

...

आत समईची वात नीट करणारा म्हातारा शिवगीर, बाबांचा पहिला शिष्य, हात थांबवून उभा राहिला.

"खरं आहे रे," बाबा हळूच म्हणाले.

त्यांनी हात झटकले. मांडीवरची टरफलं खाली टाकली.

"असं कर. उद्या निशाण मी धरतो. तू हे बांध."

आणि त्यांनी डोक्यामागं हात नेऊन फडक्याची गाठ सोडली.

रणधीर मान खाली घालून उभा होता. पुढ्यात फडकं आलं, तसं त्यानं ते घेतलं. घेता घेता नजर वर गेली.

जटा नव्हत्या.

पांढरे केस होते. कानांवर सुपासारखे फुटलेले. मानेवर शेपूट. फडक्यानं दाबून दाबून एका अंगाला आडवे पडलेले, आणि माथ्यावर तरीही उभे.

नकळत रणधीरचा हात स्वतःच्या कानाशी गेला. त्यानं आपले केस चाचपले, बाबांच्या केसांकडे पाहिलं. तेवढेच. नखभरही कमी-जास्त नाही.

"बाबा... जटा?"

"नदीत सोडल्या."

"कधी?"

"तुझं मुंडण झालं, तू आंघोळीला गेलास. न्हावी वस्तरा गुंडाळत होता. म्हटलं, थांब, अजून एक डोकं आहे."

"पण किती वर्षांच्या होत्या त्या!"

"असतील."

"आणि माझ्यासाठी..."

"तुझे केस पाण्यात एकटेच चालले होते रे."

रणधीर मटकन खाली बसला. इतके महिने हा माणूस शेजारी जेवत होता. पहाटे सगळ्यांच्या आधी, एकटाच नदीवर जात होता. आणि आपण इकडे एरंडेल थापत बसलो होतो, याच्या जटांचा हेवा करत! त्यानं आत पाहिलं. शिवगीर डोळे पुसत होता. माथ्यावरची गाठ सांभाळत त्यानं रणधीरकडे बघून नुसती मान हलवली. त्याच्याही वेळी असंच झालं होतं, हे सांगायची गरज उरली नाही.

...

फडकं रणधीरच्या हातातच होतं, अजून ऊबदार. बाबांनी आपणहून दिलेलं. बांधलं असतं तर कुणाची काही म्हणायची टाप नव्हती.

तो उठला. बाबांच्या मागं जाऊन उभा राहिला. फडक्याची नीट घडी केली. ती त्यानं बाबांच्या माथ्यावर ठेवली.

"निशाण मीच धरतो, बाबा."

"लोक हसतील रे."

"हसू देत."

"भाऊ हसतील. त्या मुलीच्या घरचे हसतील."

"हसू देत म्हटलं ना!" मग मात्र त्याला राहवेना. "पण बाबा, एवढं केलंत ते झाकून का ठेवलंत? दोघंही उघड्या डोक्यानं हिंडलो असतो. केवढा आधार झाला असता मला!"

रणधीरच्या हाताखाली बाबांचं डोकं हलत होतं. ते हसत होते की काय, कळेना.

...

"घट्ट बांध रे," बाबा म्हणाले. "उद्या जत्रेत हे सुटलं, तर लोक मलाच बघत राहतील, आणि तुला हसायचं त्यांचं राहून जाईल."