पहिल्या पाटाचा हेवा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, तेव्हा वर्षं मोजत बसायला कुणाला सवड नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक म्हातारी सुईण राहत होती.

तिच्या हातावर जन्मलं नाही असं एकही पोर गावात नव्हतं. मूल जन्मलं की त्याच्या जिभेवर मधाचं पहिलं बोट तिचं. बारशाला पहिला पाट तिचा. ती बसल्याशिवाय कुणी बसायचं नाही आणि तिने मूल पाळण्यात घातल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, अशी गावाची रीतच होती. भरघोस मिशांचे बाप्येसुद्धा तिला पाहून वाट सोडून उभे राहत. म्हातारीला ते फार आवडे. आता कुणाला आवडणार नाही, सांगा बरं?

एके वर्षी नदीपलीकडून एक गवळण गावात राहायला आली. चार गाई, दुधाच्या दोन चरव्या आणि कामापुरतं बोलणं, एवढाच तिचा पसारा. पण तिच्यापाशी एक विद्या होती. पूर्वी एकदा तिच्या गाईच्या सडांवर फोड आले होते. धार काढता काढता ते तिच्याही हातांवर उठले आणि बसले. पुढे तिच्या गावात देवीची साथ आली, घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली. गवळणीने त्या सगळ्यांची सेवा केली, तरी तिच्या अंगावर एक पुळी उठली नाही. तिने मनाशी खूणगाठ बांधली. तेव्हापासून गाईला तसे फोड आले की त्यातल्या पाण्यात ती बाभळीचे काटे बुडवून वाळवी, वेळूच्या नळीत जपून ठेवी आणि मुलांच्या दंडावर टोचे. दंड सुजे, दोन दिवस ताप येई, आणि मग देवीचा रोग त्या मुलाच्या वाटेला जात नसे.

पाटलांनी आपली दोन्ही नातवंडं टोचून घेतली. पुढे ती आजोळी गेली असताना तिथे साथ आली. आळीतली पोरं पटापट आजारी पडली, ही दोघं मात्र खेळत राहिली. पाटलीणबाईंना गवळणीला कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. घरात तिसरं नातवंड आलं, त्याच्या बारशाला त्यांनी पहिला पाट गवळणीला मांडला.

"आजी, तुम्ही या पाटावर बसा," सुईणीला त्या म्हणाल्या. शेजारीच दुसरा पाट होता. त्याच्याभोवतीही तशीच रांगोळी होती, ताटातही तेच पक्वान्न होतं. पण म्हातारीच्या घशाखाली घास उतरेना.

ती काही अडाणी नव्हती. टोचलेल्या पोरांचे दंड तिने मुद्दाम चाचपून पाहिले होते. गवळणीचं म्हणणं खरं आहे, हे गावात सगळ्यांच्या आधी तिलाच कळलं होतं. तेच तर तिचं दुखणं होतं.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर एका लेकुरवाळीने तिला विचारलं, "आजी, लेकीला टोचून घेऊ का?"

म्हातारीने पदर सारखा केला. "मी काही म्हणत नाही बाई. पण माझं नातवंड मी तिच्या हाती दिलं नसतं."

"का हो?"

"जाऊ दे. म्हातारीचं कोण ऐकतंय?"

एवढंच ती बोलली. बाकीचं गावाने पदरचं घातलं. पाणवठ्यावरून निघालेली गोष्ट चावडीपाशी पोचली तेव्हा टोचलेला हात वाळून जात होता. तेलघाण्यापाशी पोचली तेव्हा टोचलेल्या मुलींची कूस उजवत नव्हती. दिवेलागणीपर्यंत तर कुठल्याशा गावी एक पोर चक्क हंबरायला लागलं होतं. ते गाव कुठलं, पोर कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. म्हातारीच्या कानावर सगळं येई. ती फक्त सुस्कारा टाकी, आणि सुस्काऱ्याचा अर्थ ज्याला जसा हवा तसा तो लावी. गवळणीच्या दाराशी पोरं येईनाशी झाली.

पुढच्या बारशाला पहिला पाट पुन्हा सुईणीचा झाला. त्या दिवशी जेवण तिला फार गोड लागलं.

होळी झाली आणि घाटाखालच्या गावांत देवीची साथ शिरली. एकेका गावातून सात-सात, आठ-आठ मुलं गेल्याची वार्ता आली. म्हातारीच्या घरी तिची सून आणि तीन वर्षांचा नातू होता. मुलगा राजाच्या फौजेत दूर देशी होता. आजीच्या हातचा घास असल्याशिवाय नातू तोंड उघडत नसे. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. ती तशीच अनवाणी गवळणीकडे गेली.

"माझ्या नातवाला टोच," ती म्हणाली.

गवळण धार काढत होती. तिने हात धुतले, वेळूची नळी कमरेला खोवली आणि म्हणाली, "चला." हिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं म्हातारीला वाटलं.

दारात गवळणीला पाहताच सुनेने पोराला ओढून पोटाशी धरलं. सासूला ती आत्याबाई म्हणे. "आत्याबाई, हिला कशाला आणलंत? तुम्हीच तर म्हणाला होतात, नातवंड हिच्या हाती देणार नाही म्हणून."

"मी खोटं बोलले ग."

"पाहुणेरावळे तुमच्या लेकाला मला टाकून दे म्हणत होते, तेव्हा तुम्हीच माझी बाजू घेतलीत. याच्या वेळी मरता मरता वाचवलंत मला. तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत."

अंगणात शेजारीपाजारी जमले. म्हातारीने पदर पसरला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "बायांनो, माझा पाट गेला म्हणून माझं पोट दुखलं. मी हिच्यावर जळले. हिचा काटा खरा आहे, आणि ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आपापली पोरं आणा."

मग ती पाणवठ्यावरची लेकुरवाळी लेकीला घेऊन पुढे आली. तिच्यामागून दुसरी आली. बघता बघता अंगण पोरांनी भरलं आणि गवळणीला मान वर करायला उसंत राहिली नाही. सगळ्या गावाला म्हातारीचं बोलणं पटलं. पटलं नाही ते एकट्या सुनेला.

"भीतीनं आत्याबाईंचं डोकं ठिकाणावर नाही," ती स्वतःशी म्हणाली. "शहाण्या होत्या तेव्हा बोलल्या तेच खरं." अंगणात गडबड चालली होती, तेवढ्यात पोराला कडेवर घेऊन ती मागच्या दाराने निघाली. तिचं माहेर डोंगरापलीकडे होतं, साथीपासून लांब.

साथीला डोंगर ओलांडायला आठ दिवस लागले.

गावात टोचलेलं एकही मूल दगावलं नाही. दीड महिन्याने सून परत आली. पोर तिच्या कडेवर होतं, जिवंत होतं. तोंडावर वण होते, अंगाचा सापळा झाला होता. सुनेने पोराला सासूच्या मांडीवर ठेवलं आणि ती आत गेली.

म्हातारीने त्याला उराशी धरलं, भाकरीचा घास दुधात कुस्करून त्याच्या ओठांना लावला. त्याने तिचा हात ओळखला आणि तोंड उघडलं. अंगणात दुपारचं ऊन रणरणत होतं.

घास गिळून पोर म्हणालं, "आजी, अजून उजाडलं नाही का ग?"

लहानथोर सगळ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: मत्सराने पेरलेली शंका पुढे आपण स्वतः उपटायला गेलो तरी, ज्यांचा आपल्यावर सर्वांत जास्त विश्वास असतो त्यांच्याच मनातून ती निघत नाही.