पंगतीत सापडलेली आई

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गृहस्थ जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकात उतरवून देण्याचे काम करीत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता, हुशार आणि भलताच घाईचा. घाई हा काही सदैव दुर्गुण नव्हे. चार यंत्रे एकदम चालवावीत ही युक्ती त्याचीच, आणि गुरूंनी तिचे तोंडभर कौतुक केले होते.

एके दिवशी एक बाई आपल्या लग्नाची कॅसेट घेऊन आली. तिची आई निवर्तली होती. आईचे हलते-बोलते रूप या कॅसेटखेरीज कुठेच उरले नव्हते, आणि ते तिला आपल्या लेकीला दाखवायचे होते. शिष्याने फितीवरची बुरशी जपून पुसली, फीत एकदा पुढे-मागे फिरवून मोकळी केली आणि लग्न उतरवले. मग कन्यादान, मंगलाष्टके, सप्तपदी तेवढी ठेवून त्याने पंगत कापून टाकली. लोकांचे चालते जबडे कोण बघणार? कन्यादानाला बसलेली प्रौढ बाई ठसठशीत दिसत होती, म्हणजे आईचे काम फत्ते झाले, असे त्याला वाटले.

गुरूंनी ती फाइल पाहिली. त्यांनी कॅसेट पुन्हा यंत्रात घातली आणि स्टूल ओढून समोर बसले. दारात गिऱ्हाइके ताटकळत होती. म्हातारपणी परक्यांच्या लग्नाची हौस आली वाटते, असे मनात म्हणत शिष्य चरफडला. तेवढ्यात ती बाईही आली. गुरूंनी तिलाही शेजारी बसवले.

पडद्यावर कन्यादान चालले होते. शिष्य उत्साहाने म्हणाला, "या तुमच्या आई ना?"

"नाही, त्या काकू. बाबा आधीच गेले होते. त्या काळी विधवेला कोण बोहल्यावर येऊ देत होतं?"

शिष्याचा चेहरा खर्रकन उतरला.

यथावकाश पंगत बसली. एक किरकोळ अंगाची बाई तुपाचे भांडे घेऊन वाकून वाकून वाढत, आग्रह करत पुढे येत होती. पंगतीच्या टोकाला तिचे लक्ष कॅमेऱ्याकडे गेले. ती थांबली आणि चित्रण करणाऱ्याला म्हणाली, "दादा, सकाळपासून उभे आहात. जेवलात का?"

गुरूंशेजारी बसलेल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "जेवले गं, आई," ती म्हणाली.

 गुरू हलकेच शिष्याला म्हणाले, "बाळा, यंत्रं चार लाव, आठ लाव. पण कात्री लावण्याआधी एकदा सगळं बघत जा. बोहल्यावर कोणी बसायचं हे रीत ठरवते. लग्न कोणी पार पाडलं, ते पंगतीत दिसतं. आणि त्यातलं काय टाकायचं हे ज्यांचं माणूस आहे त्यांनी ठरवावं."

शिष्याने पंगत पूर्ववत जोडली. निघताना बाईने त्याला हात जोडले, तेव्हा तो ओशाळला. गुरूंनी आपल्या हातून होणारी केवढी हानी टाळली, या जाणिवेने त्याचे मन भरून आले. त्याने वाकून त्यांना नमस्कार केला.

आज आपल्या घरात सर्वांच्या शेवटी कोण जेवते, तेवढे आपणही एकदा पाहून घ्यावे.