उलटा फिरणारा चौकोन

"पण बाई, यात माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा."

मनोहरशेठ लोळगे हे तिसऱ्यांदा विचारत होते.

मार्थाबाई साळवे वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

गावाबाहेर मिशनचा दीडशे वर्षांचा मळा आहे; बाई तिथंच राहतात. मोटेची विहीर, दगडी कोठार, सगळं जपून ठेवलेलं. लांबून माणसं बघायला येतात. त्या कोठारात बाईंनी चाळीस वर्षं पोरांना क्रोशा शिकवला. मनोहरशेठही तिथंच शिकले, तेसुद्धा दोऱ्याच्या पेट्या पोचवायला आले असताना, उभ्या उभ्या. पुढं दोऱ्या-लोकरीचं दुकान असं चालवलं, की गिऱ्हाईक पायरी चढतंय तोवर हे ओळखून मोकळे : ही बाई स्वेटर पुरा करणार, ही कानटोपीतच दमणार. बाईंचे गुडघे धरले तेव्हा आपणहून म्हणाले, "रविवारचा वर्ग मी घेतो. मला काही नको. मुलं शिकली म्हणजे झालं."

यंदा तीस मुलांनी एकेक चौकोन विणायचा आणि ते जोडून कापणीच्या सणाला मोठं पांघरूण टांगायचं ठरलं होतं.

"नऊ चौकोन अगदीच वेडेवाकडे होते हो," शेठ म्हणाले. "पाहुणे येणार, फोटो निघणार. म्हणून उसवले आणि मीच पुन्हा विणले. नावांच्या चिठ्ठ्या तेवढ्या होत्या तिथंच लावल्या."

"मुलांना सांगितलंस?"

"…नाही."

वाल टोपलीत पडत राहिले.

"आठजण तर खूश आहेत, बाई! एकाचे वडील मला म्हणाले, आमच्या पोराच्या हातात कला आहे."

"मला त्या आठांचीच जास्त काळजी वाटते," बाई म्हणाल्या. "नववं कोण?"

"कावेरी."

शेठचा आवाज खाली आला.

"सणाच्या दिवशी पांघरुणापुढं उभी राहिली. आपल्या चौकोनावर बोट फिरवलं. म्हणाली, 'काका, हा माझा नाही. मी डावखुरी. माझे टाके उलटीकडून फिरतात.' सगळे ऐकत होते, बाई. पाहुणे, मळ्याच्या ट्रस्टची माणसं…"

"मग?"

पुढची गोष्ट सांगायची नाही, असं शेठ घरून ठरवून आले होते.

"मी हसलो. म्हणालो, 'अगं वेडे, तुझाच आहे. खाली नाव वाच की.'"

"मग?"

"तिनं नाव वाचलं. सुई माझ्या टेबलावर ठेवली… आणि गेली. दोन रविवार झाले, आली नाही."

बाईंनी टोपली बाजूला सारली.

"तिचा उसवलेला दोरा कुठाय?"

मनोहरशेठनी कुडत्याच्या खिशात हात घातला. दोरा तिथंच होता. का ठेवला होता, त्यांनाही सांगता आलं नसतं. कुरळा, पिळापिळांचा, बारीक गुंता.

"हा का नाही वापरलास?"

"उसवलेला दोरा असा वळतो. काम सुबक दिसत नाही. दुकानातला नवा घातला."

"सरळ कर बघू."

शेठनी दोन्ही हातांत धरून दोरा ताणला. सरळ झाला. सोडला, तसा पुन्हा टाक्याटाक्यानं वळला. पुन्हा ताणला. पुन्हा वळला.

"असा नाही व्हायचा, बाई," शेठना आता जरा हुशारी आली. दोऱ्यातलं त्यांना कोण शिकवणार! "पाण्यात भिजवायचा, खाली वजन बांधायचं आणि वाळत घालायचा. सकाळी बघावं तर सुतासारखा सरळ. कुणी काय विणलं होतं, त्याचा मागमूस राहत नाही. दुकानात आम्ही कायम…"

बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"भिजव."

शेठनी दोरा तांब्यावर धरला.

एक टोक पाण्याला लागणार, इतक्यात हात थांबला. वळणं सगळी उलट्या बाजूची होती. एकेक ओळखू येत होती. इथं तिचा दोरा निसटला असेल, इथं तिनं घट्ट ओढला असेल, इथं पुन्हा मोजलं असेल…

हात मागं आला. शेठची मान खाली गेली ती वर होईना. कान तापले होते.

बाहेर मोटेच्या विहिरीवर कुठल्यातरी शाळेची सहल ओरडत होती.

"बाई, उद्या रविवार," शेठ शेवटी म्हणाले. "तिच्या घरी जाऊन माफी मागीन. ट्रस्टच्या माणसांपुढंही सांगीन. पण वर्गात ती आली, तर… तिच्यासमोर उभा कसा राहू मी?"

मार्थाबाईंनी आपल्या डब्यातली क्रोशाची सुई काढली. शेठनी सवयीनं उजवा हात पुढं केला. बाईंनी तो बाजूला केला. डावा हात ओढून घेतला, तळव्यात सुई ठेवली आणि त्यांची बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली.

"उभा राहू नकोस," त्या म्हणाल्या. "तिच्या शेजारी बस."