पाच हातांचा रेणू

"पण सर, जास्त चमकतो कोण? तेवढंच सांगा."

विश्वंभर गव्हाणेने हे पुन्हा विचारलं. चिंचोरे सर सूक्ष्मदर्शकाची काच पुसत राहिले. विद्यार्थी त्यांना पाठीमागे मौनीबाबा म्हणायचे, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

प्रश्न दोन रेणूंचा होता. जिवंत पेशीत जस्त आहे की नाही हे बाहेरून कळावं, म्हणून सरांच्या प्रयोगशाळेत असे रेणू बनवत. जस्त हाती लागलं की रेणू हिरवा उजळायचा. एक विश्वंभरने बनवला होता, दुसरा प्रतिमा पाडवीने. पुढच्या कामासाठी सरांनी प्रतिमाचा निवडला. वर या अंधाऱ्या खोलीची किल्लीही तिच्याच हवाली केली.

तेव्हापासून विश्वंभरच्या पोटात दुखत होतं. खोटं कशाला सांगा, जळत होता तो. कुणी तिचं कौतुक केलं की त्याला डब्यातला घास कडू लागायचा. तिच्या रेणूला जस्त धरायला तीन हात, म्हणून याने हट्टाने आपल्याला पाच लावले होते. ती वर्षभराची मेहनत आता कपाटात जाणार होती.

सरांनी खोलीतला दिवा मालवून सूक्ष्मदर्शकाचा निळा उजेड लावला. पुढ्यात काचेच्या दोन बशा होत्या. दोन्हींत सारख्याच पेशी, सकाळपासून एकेकाच्या रेणूत भिजत पडलेल्या.

"बघ."

प्रतिमाची बशी मिणमिणत होती. विश्वंभरची लख्ख. त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे शास्त्रज्ञांनाही चुकलेलं नाही.

 सरांनी दोन्ही बशांत जस्त हिसकावून घेणाऱ्या द्रावणाचा थेंब सोडला.

थोड्या वेळाने प्रतिमाची बशी काळी झाली. विश्वंभरची तशीच लख्ख.

"तिचा विझला," तो म्हणाला. आवाजातली खुशी लपवायची तसदीही त्याने घेतली नाही. "माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, सर."

"हं…"

सरांनी आता जस्ताचं पाणी सोडलं. तिची बशी हळूहळू पुन्हा उजळली. याची होती तशीच राहिली.

"मघाशी मी जस्त काढून घेतलं. तुझा काय म्हणाला?"

"आहे म्हणाला."

"आता परत घातलं. आता काय म्हणतो?"

"…आहे."

 सरांनी साधा उजेड लावला.

"चमक पाहिलीस. आता पेशी बघ."

विश्वंभर सूक्ष्मदर्शकावर वाकला. प्रतिमाच्या पेशी बशीच्या तळाला धरून ऐसपैस पसरल्या होत्या. त्याच्या मात्र आखडून गोल झालेल्या, तळ सुटून पाण्यात तरंगत होत्या. पेशीला जगायला जस्त लागतं, हे तो पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचा. त्याच्या पाच हातांनी ते सगळं ओढून घेतलं होतं. त्याचे कान तापले.

पण जळणारा माणूस इतक्यात शहाणा होत नाही.

"ते राहू द्या, सर," तो म्हणाला. "किल्ली तिलाच का?"

सर उठले. दाराला आतून कुलूप होतं आणि त्यात प्रतिमाची किल्ली होती, लाल दोरा बांधलेली. ती काढून त्यांनी विश्वंभरच्या तळहातावर ठेवली.

त्याची मूठ आपोआप मिटली. किती दिवस त्याला ती हवी होती. धातू गार होता, आणि त्याला फार बरं वाटलं.

तेवढ्यात बंद दाराबाहेरून प्रतिमाने विचारलं, "सर, माझ्या पेशी आत आहेत. किल्ली आहे का तुमच्याकडे?"

सरांनी विश्वंभरपुढे हात पसरला.

तो मुठीकडे बघत राहिला. देऊन टाकावी, एवढंच तर होतं. बोटं उघडेनात… बाहेर प्रतिमा थांबून होती. सरांचा हात तसाच पुढे होता.

"पेशीसुद्धा एवढंच मागत होती," सर म्हणाले.