तिसरं कमळ

ऐका हं. पांघरूण घ्या नीट, पाय आत. फार लांब, करंजाच्या बनापलीकडे, एक वाडी होती. वाडीला तळं होतं, आणि तळ्यात राहायची एक आसरा. आसरा म्हणजे पाण्यातली बाई. दिसायची कमी, पण असायची, बरं का.

वाडीत राहायची सगुणा. तिला दोन जुळ्या मुली, चंद्री आणि सुंद्री. तोंडावळा तोच, आवाजही तोच. निदान लोक तसं म्हणायचे. सगुणाला मात्र डोळे मिटूनही कळायचं. चंद्रीचा आवाज शेवटी जरा वर जायचा आणि सुंद्रीचा किंचित घोगरा, सायीसारखा.

एकदा सकाळी काय झालं, बिरू धनगर तळ्यावर मेंढरांना हाका मारत होता. सगुणाची धाकटी जाऊ पारू तान्ह्या बाळाला घेऊन गात होती. आणि त्यांचे सासरे, आबा, कुणावर तरी ओरडत होते. आसरेचं लेकरू नुकतंच झोपलं होतं, ते दचकून उठलं. आसरा रागावली. तिने तिघांचे आवाज काढून घेतले आणि भलत्याच गळ्यात घातले.

मग काय झालं? बिरूचा राकट आवाज गेला पारूच्या गळ्यात. पारूचा गोड आवाज आबांच्या गळ्यात. आणि आबांचा थरथरता आवाज बिरूच्या गळ्यात. मेंढरं बिरूकडे बघेनात. आबा लाजून घराबाहेर पडेनात. आणि पारूने नुसतं ‘ये रे राजा’ म्हटलं तरी बाळ घाबरून रडायचं. दूधसुद्धा पिईना. सुकत चाललं बिचारं.

सगुणाला ते बघवेना. ती तळ्यावर गेली, पाण्यापाशी बसली आणि म्हणाली, “बाई गं, तुझं लेकरू उठलं, आमचं चुकलं. पण आमचं लेकरू उपाशी आहे.”

आसरा वर आली. तिचा राग केव्हाच गेला होता. “दिलेलं मला परत घेता येत नाही गं,” ती म्हणाली. “पण ही तीन कमळं ने. दोघांनी मिळून एका कमळाचा वास घेतला की त्यांचे आवाज अदलाबदल होतात. एक कमळ एकदाच चालतं. तिन्ही कमळं आज दिवस मावळायच्या आत वापरा. एक जरी उरलं, तर सगळं पुन्हा बिघडेल, आणि मग मलाही काही करता येणार नाही.”

सगुणा धावत घरी आली. पहिल्या कमळाचा वास घेतला बिरूने आणि पारूने. बिरूला त्याचा आवाज मिळाला. मग दुसऱ्याचा घेतला पारूने आणि आबांनी. दोघांचे आवाज जागच्या जागी. पारूने बाळाला हाक मारली आणि बाळ टकामका बघायला लागलं.

पण तिसरं कमळ उरलं ना. आता कुणीही दोघांनी वास घेतला की बिघडणार त्यांचंच. बिरूने अंगणात तीन खडे मांडले. दोन-दोन खडे उचलून जागा बदलून पाहिल्या. आधी हे, मग ते. कसंही केलं तरी तीन बदलांनंतर दोन खडे चुकीच्या जागी राहायचेच.

“माझा देऊन टाका कुणालाही,” आबा म्हणाले. “म्हाताऱ्याला काय करायचाय आवाज?”

“आणि ज्याला तुमचा मिळेल त्याने काय करायचं?” पारू रडवेली होऊन म्हणाली.

ऊन कलायला लागलं. सगुणाने तोंडावर पदर धरला होता. तिला केव्हाच सुचलं होतं, बरं का. पण बोलवत नव्हतं. शेवटी तिने मुलींना जवळ घेतलं.

“तुमचे आवाज एकमेकींना द्याल का गं? बाळासाठी?”

“पण आमचे तर सारखेच आहेत,” चंद्री म्हणाली.

“हो,” सगुणा म्हणाली. “सारखेच आहेत.”

मग दोघींनी नाकाला नाक लावून कमळ हुंगलं आणि खुदकन हसल्या. दिवस मावळला. काही म्हणजे काही बिघडलं नाही. मेंढरं बिरूमागे घरी आली. आबा ओट्यावर बसून खाकरले. आणि बाळ पोटभर प्यायलं.

सगुणा चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. पाठीमागून हाक आली, “आई, अजून अर्धी दे.”

“देते गं चंद्री,” ती म्हणाली आणि वळली. समोर सुंद्री होती.

सगुणाचे डोळे भरून आले. सुंद्री तिच्या मांडीला चिकटली. “आई, मी आहे.”

“तूच आहेस गं. बोल अजून. मी शिकते.”

मग सुंद्री बोलत बसली, चंद्रीही येऊन बोलत बसली, आणि भाकऱ्या करता करता सगुणा ऐकत राहिली. पावसाळा यायच्या आत तिला पुन्हा डोळे मिटून कळायला लागलं. वाडीत सगळे आनंदाने नांदले, आणि तळ्यावर सगळे हळू बोलायला लागले.

आपणही हळू बोलू या आता. मिटा डोळे.