छातीएवढं दार

अग्निसर्पाने डोंगरातलं राज्य गिळलं, तेव्हा बुटक्यांचा राजा लोहनाथ आसरा मागायला चंडवर्मा राजाकडे आला. हा कुणापुढे वाकत नाही, हे चंडवर्म्याने ऐकलं होतं. त्याने दरबाराचं दार मुद्दाम लोहनाथाच्या छातीएवढं करून घेतलं.

लोहनाथ उंबऱ्याबाहेरच थांबला.

"या की आत," चंडवर्मा हसत म्हणाला.

"महाराज, माझ्या महालाचं दारही मी मुद्दाम असंच ठेवलं होतं. प्रत्येक पाहुणा वाकून आत यायचा आणि मी गालात हसायचो. सर्प आला तेव्हा त्या सगळ्यांना हाका मारल्या. एकही आला नाही."

चंडवर्म्याचं हसू मावळलं. तो उठला आणि स्वतःच वाकून बाहेर आला.

लोहनाथाला वाटलं, आपल्याही दारात एखादा पाहुणा असा अडून राहायला हवा होता.