सखाहरीची मोड

घाटाखालच्या एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा भाऊ होता. भाऊ अशासाठी, की त्याला हौसा नावाची धाकटी बहीण होती आणि गाव त्याला 'हौसाचा भाऊ' असंच म्हणे. स्वतःच्या नावानं ओळखावं असं त्याच्या हातून अजून काही घडलं नव्हतं. सांगितलेलं मात्र तो तंतोतंत ऐके. तिथंच सगळा घोटाळा होई.

हौसाची सोयरीक जमत आली होती. नवरा शेजारच्या गावच्या रावजीचा थोरला मुलगा, मुरारी. उंचापुरा, हसरा. हौसाला तो जत्रेत दिसला आणि तेव्हापासून घरात रोज एक तरी भाकरी करपत होती.

दुसऱ्या दिवशी रावजी चार माणसं घेऊन सुपारी फोडायला यायचा होता. आईनं डब्यातून शंभराच्या दोन नोटा काढल्या. घरात होत्या तेवढ्याच. त्यातली एक तिनं सखाहरीच्या हातावर ठेवली.

"सख्या, उद्या ओवाळणीत टाकायला मोड लागेल. बाजारात जा आणि मोड घेऊन ये."

"किती आणू?"

"शंभराची सगळी."

सखाहरी निघाला. बाजाराच्या तोंडाशीच भागूबाई भाजीवाली बसली होती.

"मावशी, मोड आहे का?"

"आहेत की! मटकीला बघ केवढाले आलेत. आत्ताच फडकं सोडलं."

"शंभराचे द्या."

भागूबाईनं टोपलीकडं बघितलं, मग सखाहरीकडं बघितलं. "एवढ्याचं करणार काय?"

"ओवाळणीत टाकणार."

भागूबाईला वाटलं, असेल एखाद्या घरात तशी चाल. तिनं टोपलीसकट मटकी दिली. सखाहरी कौतुकानं मोड बघत राहिला. "मावशी, हे येतात कसे हो?"

"सोपं आहे. भिजत घालायचं, ओल्या फडक्यात घट्ट बांधायचं आणि रात्रभर उबेला ठेवायचं. सकाळी मोड."

टोपली बघून आईनं कपाळावर हात मारला.

"अरे, हे खायचे मोड! मला नोटेची मोड पाहिजे, नोटेची! ही दुसरी नोट घे. हिची मोड कर. आणि सकाळपर्यंत झाली नाही तर घरात पाऊल टाकू नकोस!"

"आता कळलं," सखाहरी म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं.

सकाळी आई उठली तर सखाहरी चुलीला पाठ लावून बसलेला. मांडीवर ओलं गाठोडं. गाठोड्यावर दोन्ही हात.

"झाली का मोड?"

"नाही अजून. ऊब कमी पडली असेल."

आईनं गाठोडं सोडलं. आत नोट. गांधीबाबा चिंब भिजलेला. आईनं एक शब्द न बोलता नोट तव्यावर वाळवली आणि मग मात्र सगळे शब्द एकदम बोलली. शेवटचे तेवढे सांगण्यासारखे होते. "रतनशेठच्या दुकानात जा! नोट वाणी मोडतो, तू नाही!"

रतनशेठ वाणी मोठा बोलका माणूस. गिऱ्हाईक नसलं की तो पोत्यांशीही बोले. कोमट नोट हातात घेऊन त्यानं विचारलं, "हिला काय झालं?"

"रात्रभर भिजवली शेठ, पण मोड आले नाहीत."

रतनशेठचं पोट गदागदा हललं. मग त्यानं पानाचा विडा गालात सारला आणि समजावू लागला. "हे बघ सखाहरी. शब्द कुठून आला ते ध्यानात ठेव, म्हणजे चुकणार नाहीस. अख्खी नोट असते तिला म्हणायचं बंदी. अख्खा रुपया असतो तो बंदा. बंदा वाजवून घ्यायचा, पोकळ वाजला तर बदलून मागायचा. तो मोडला की त्याचे लहान लहान होतात. मोडून मिळते म्हणून ती मोड. कळलं?"

"म्हणजे मोडलं की वाईट वाटून घ्यायचं नाही?"

"वाईट कशाला? एकाचे पुष्कळ होतात. किंमत तेवढीच. फक्त मोडल्यावर हात पुढं करायचा आणि मोड मागून घ्यायची. आणि ही मोड पुन्हा घेऊन आलास, तर मी तुला परत बंदी नोट देईन."

सखाहरीला हे फार आवडलं. मोड कनवटीला लावून तो घराकडं निघाला. आपल्याला आता एक विद्या आली, असं त्याला वाटत होतं आणि ती कुठं वापरावी म्हणून तो इकडंतिकडं बघत होता.

वाटेत गणबा पैलवान ओसरीवर खाटेवर पडला होता. कौलं शाकारताना घसरला होता.

"काय झालं गणबादादा?"

"काय सांगू रे! पाय मोडला."

सखाहरीचा चेहरा उजळला. "अरे वा! मग लहान लहान किती मिळाले?"

"काय मिळाले?"

"पाय! मोठा होता तुमचा. चार तरी यायला पाहिजेत. हात पुढं केलात का?"

गणबानं हात पुढं केला. त्यात तांब्या होता. तो सखाहरीच्या पाठीत बसला.

गणबाची बायको धावत बाहेर आली. "असं बोलतात का रे? कुणाचं काही मोडलं की आधी दोन आसवं गाळावीत. मग काय ते बोलावं."

"एवढंच राहिलं होतं," पाठ चोळत सखाहरी म्हणाला. विद्या पुरी झाली.

दुपारी रावजी टेम्पो करून आला. बरोबर मुरारी, दोन-चार भाऊबंद आणि मुरारीचे दोन लहान भाऊ, बंटू आणि गोट्या. पानं मांडली. आईनं वाढायला घेतलं. मटकीची उसळ. मग मटकीची आमटी. मग मटकीचा भात. घरातले निम्मे पैसे मटकीत गेले होते, उरलेली मोड ओवाळणीला ठेवायची होती, त्यामुळं मटकीच होती.

रावजी पुरणपोळीची वाट बघत होता. तिसऱ्यांदा मटकी आली तेव्हा तो ताटावरून उठला.

"सुपारीच्या जेवणाला उसळ? आमची ही किंमत? नको आम्हाला तुमची मुलगी. सोयरीक मोडली!"

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. दाराआडून हौसाचा हुंदका ऐकू आला. मुरारी "बाबा, जरा ऐका" म्हणत होता, पण रावजी ऐकत नव्हता.

तेवढ्यात सखाहरी पुढं आला. त्यानं डाव्या डोळ्यातून एक आसू काढलं. उजव्यातून एक काढलं. ते पुसलं. आणि हात पुढं केला.

"द्या."

"काय देऊ?"

"मोड. सोयरीक तुम्ही मोडलीत ना? आमच्याकडं बंदा नवरा येणार होता. तो मोडलात, तर त्याचे लहान द्या. दोन दिलेत तरी चालतील. फक्त सुटे द्या. लग्न झालेले नकोत."

"घे काय घ्यायचं ते!" रावजी ओरडला आणि रागारागानं टेम्पोत जाऊन बसला. माणसं मागोमाग गेली. टेम्पो निघाला.

सखाहरी स्वयंपाकघरात गेला. तिथं बंटू आणि गोट्या अजून जेवत होते. त्यांना पुरणापेक्षा उसळ आवडे.

"दोन," सखाहरी म्हणाला. "बरोबर." आणि त्यानं दाराला कडी लावली.

दिवस मावळायच्या आत टेम्पो परत आला. रावजी घामानं डबडबलेला. "पोरं कुठायत माझी?"

सखाहरी उंबऱ्यात आडवा उभा राहिला. "ती मोड आहे. बंदा द्या, मोड घेऊन जा."

"अरे, वेडा का खुळा तू?"

"दुकानात असंच असतं. रतनशेठला विचारा."

रावजीनं बाह्या सरसावल्या. पण मुरारी मधे आला. ओठ दाबून तो म्हणाला, "बाबा, व्यवहार चोख आहे." आणि पायताण काढून तो सरळ घरात शिरला. "हा घ्या बंदा."

दाराआडून बांगड्या वाजल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंटू आणि गोट्यानं डोकी बाहेर काढली. गोट्या म्हणाला, "बाबा, आम्ही नाही येत. रात्रीपण उसळ आहे!"

रावजीनं एका पोराकडं बघितलं, मग दुसऱ्याकडं, मग तिसऱ्याकडं. तिघंही ऐकणार नव्हती. त्याला हसू आलं. एकदा आलं ते थांबेना. तो ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "वाढा मला पण थोडी. आणि सुपारी आणा."

आईचे डोळे भरून आले. तरी रावजीच्या रागाचा तिला भरवसा वाटेना. बोलणी पक्की करून घ्यावीत, म्हणून तिनं सखाहरीच्या कानात सांगितलं, "सख्या, या वेळेला नीट वाजवून घे बरं."

सखाहरीनं मान डोलावली. वरवंटा उचलला आणि नवऱ्याच्या टाळक्यात एक ठेवून दिला. मग कान लावून ऐकलं. नवरा मटकन खाली बसला.

"आई," सखाहरी काळजीनं म्हणाला, "हा पोकळ वाजतोय. बदलून आणू का?"